फेथफुली या शब्दाची जागा

नमस्कार श्रोतेहो.

आज एका शब्दाची हकीकत सांगायची आहे. शब्द आहे फेथफुली, म्हणजे निष्ठेनं. या एका शब्दाची जागा चुकली आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ घेतली.

त्याआधी शाळेतला एक नियम आठवा. टू गो, टू रीड, टू अंडरस्टँड. क्रियापदाचं मूळ रूप, त्याच्या पुढे 'टू'. याला इन्फिनिटिव्ह म्हणतात. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, असं आपल्यापैकी अनेकांना बजावलेलं असतं. 'टू फुली अंडरस्टँड' चूक, 'फुली टू अंडरस्टँड' बरोबर. श्रोतेहो, 'टू फुली अंडरस्टँड' चूक नाही. पुन्हा सांगते, चूक नाही. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही अशी रचना सापडते. तिच्यावर आक्षेप आले ते एकोणिसाव्या शतकात. 1864 साली इंग्लंडमधल्या कॅंटरबरीच्या मोठ्या चर्चचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, हेन्री ऑलफर्ड यांनी तिला नावं ठेवली आणि पुढे तो नियमच होऊन बसला.

या नियमासाठी लॅटिनचा दाखला देतात. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं, त्यात फटच नाही. मराठीतही तसंच आहे. 'समजायला' या शब्दाच्या पोटात 'पूर्णपणे' कुठे कोंबणार? ते आधीच येणार. पण इंग्रजीतला 'टू' सुटा आहे, तिथे जागा आहे. एका भाषेचं माप दुसरीला का लावायचं? मराठीचेही असेच हाल चालले आहेत. बातम्यांमध्ये 'त्यांच्याद्वारे सांगण्यात आले' ऐकलं की माझ्या कानाला टोचतं. 'त्यांनी सांगितलं' हे सरळ, आपलं वाक्य असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

असो. आता ती हकीकत.

तारीख 20 जानेवारी 2009. वॉशिंग्टन, कॅपिटॉलची पायरी, समोर अफाट गर्दी. बराक ओबामांचा हात लिंकन यांच्या बायबलवर. शपथ देणार सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, आणि त्यांच्या हातात कागद नाही. शपथेचा मजकूर अमेरिकेच्या संविधानातच लिहिलेला आहे, अवघे 35 शब्द. त्यातला आपल्या कामाचा तुकडा असा: 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस'. विल, फेथफुली, एक्झिक्यूट. लक्षात ठेवा, फेथफुली मध्ये आहे.

सुरुवातीलाच ओबामा थोडे घाईनं बोलू लागले आणि दोघांचे आवाज एकमेकांवर चढले. मग रॉबर्ट्स म्हणाले, 'दॅट आय विल एक्झिक्यूट द ऑफिस', आणि फेथफुली गेला पार शेवटी. ओबामा 'दॅट आय विल एक्झिक्यूट' एवढं म्हणून थांबले. त्यांना मजकूर माहीत होता, काहीतरी हललंय हे त्यांनी ओळखलं. ते रॉबर्ट्सकडे बघत राहिले. ध्वनिमुद्रण ऐकलंत तर ती पोकळी ऐकू येते. रॉबर्ट्सनी सावरायचा प्रयत्न केला आणि 'फेथफुली द ऑफिस' असं काहीतरी म्हणाले. म्हणजे शब्द पुढे आला, पण क्रियापद निसटलं. शेवटी ओबामांनी पहिल्यांदा ऐकलं होतं तेच म्हटलं, फेथफुली शेवटी ठेवून.

माझं ठाम मत आहे की मजकूर कितीही पाठ असला तरी कागद हातात असावा. त्यात काडीचाही कमीपणा नाही. ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला हे पटेल.

घटनेनुसार ओबामा दुपारी बारा वाजताच राष्ट्राध्यक्ष झाले होते. अर्थातही फरक पडला नव्हता. 'निष्ठेनं पार पाडीन' काय आणि 'पार पाडीन, निष्ठेनं' काय. पण शपथ म्हणजे ठरलेले शब्द, ठरलेल्या क्रमानं. पुढे कुणी शंका काढायला नको म्हणून 21 तारखेच्या संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये रॉबर्ट्स झगा घालून पुन्हा उभे राहिले. या वेळी गर्दी नव्हती, बायबलही नव्हतं. तयार आहात का, असं रॉबर्ट्सनी विचारल्यावर ओबामा म्हणाले, हो, आणि आपण हे अगदी सावकाश करणार आहोत. विल, फेथफुली, एक्झिक्यूट. शब्द आपल्या जागी बसला.

हे झालं कसं? भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी एक तर्क मांडला. क्रियापदाचे दोन भाग फोडायचे नाहीत, ही लहानपणी घातलेली भीती रॉबर्ट्सच्या मनात इतकी खोल होती की जिभेनं संविधानाचंच वाक्य आपोआप 'सुधारलं'. 'विल'नंतर येणारं 'एक्झिक्यूट' हेही मूळ रूपच आहे, फक्त 'टू' नसलेलं. भीती मात्र तीच. हा तर्कच आहे, पण मला तो पटतो, कारण चांगलं इंग्रजी लिहिणारी माणसंही 'टू'पाशी येऊन अडखळलेली मी पाहिली आहेत.

मग क्रियाविशेषण ठेवायचं कुठे? ज्या क्रियापदाबद्दल ते बोलतं, त्याच्याजवळ. कानानं ऐका. 'शी फेल्ड कम्प्लीटली टू अंडरस्टँड.' तिला काहीच समजलं नाही, की समजलं पण पूर्ण नाही? सांगता येत नाही, कारण शब्द दोन क्रियापदांच्या मधोमध लोंबकळतोय. आता 'शी कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड.' काहीच समजलं नाही. आणि 'शी फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड.' समजलं, पण पूर्ण नाही. हा तिसरा अर्थ हवा असेल तर 'टू'नंतरची जागाच सर्वांत स्पष्ट, आणि तीच नेमकी नियमवाले नाकारतात. इंग्रजी कशी वापरावी यावरचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी 1926 सालीच लिहून ठेवलं होतं की संदिग्ध किंवा ओढूनताणून लिहिण्यापेक्षा इन्फिनिटिव्ह फोडलेला बरा.

एक वाक्य तुमच्यासाठी ठेवते, कागदावर लिहून बघा. 'वी एक्स्पेक्ट टू मोअर दॅन डबल द आउटपुट.' उत्पादन दुपटीहून अधिक होईल. यातला 'मोअर दॅन' उचलून 'टू'च्या आधी ठेवा, मग वाक्याच्या शेवटी ठेवा, आणि दोन्ही वेळा मोठ्यानं वाचा.

नमस्कार.