मेलरोजच्या घरातला बंब

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगत, ट्वीड नदीच्या काठी मेलरोज नावाचे बाजाराचे एक जुने गाव आहे. गेल्या ऑक्टोबरात माझी आई, आम्ही दोघे आणि आमची दोन मुले अशा पाच जणांनी तिथल्या एका दगडी कॉटेजमध्ये सात रात्री मुक्काम केला. त्या घराविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

एडिंबरोहून आगगाडी ट्वीडबँकपर्यंत जाते आणि प्रवासाला तासाभराचा वेळ लागतो. हा लोहमार्ग 1969 मध्ये बंद झाला होता. त्याचा एडिंबरो ते ट्वीडबँक हा भाग 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. ट्वीडबँकपासून मेलरोज जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. गावाच्या चौकात जुन्या बाजाराची खूण असलेला दगडी खांब उभा आहे, त्याच्या माथ्यावर एकशिंगी घोडा आहे, आणि मागे ईल्डन टेकड्यांची तीन शिखरे दिसतात. सात खेळाडूंचे रग्बी 1883 मध्ये याच गावात सुरू झाले आणि ती कल्पना नेड हेग नावाच्या इथल्याच एका खाटकाची होती.

चौकापासून थोड्याच अंतरावर 1136 साली स्थापन झालेल्या मठाचे गुलाबी दगडातले भग्नावशेष आहेत. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस 1329 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे हृदय घेऊन त्याचा सरदार जेम्स डग्लस जेरुसलेमच्या पवित्र भूमीकडे निघाला. परंतु पुढच्याच वर्षी तो स्पेनमधल्या लढाईत पडला आणि ते हृदय परत आणून या मठात पुरले गेले. 1996 च्या उत्खननात शिशाची एक पेटी सापडली, ती त्याच हृदयाची मानली जाते आणि 1998 मध्ये ती तिथेच पुन्हा पुरली. ही कथा ऐकून आई त्या जागेवरच्या दगडापाशी चपला काढून उभी राहिली. तिच्या दृष्टीने त्या अस्थीच होत्या. पुढे रोज सकाळी दूध आणायला जाताना आम्ही त्याच मठावरून जात असू. सात दिवसांत सात शहरे पाहणाऱ्या सहलींना मी नावे ठेवत नाही, परंतु एखाद्या गावातून दूध, पाव आणि भाजी आणल्याशिवाय ते गाव आपल्याशी बोलू लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता त्या घराकडे येते. भिंती हातभर जाडीच्या, दार ठेंगणे, आणि बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी, जिला समोर काचेचे दार आणि वर छतातून जाणारे धुराडे होते. पहिल्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला, गारठा वाढला आणि माझ्या पतींनी शेगडी पेटवायला घेतली. कागद जळाला, ढलप्या काळ्या पडल्या, आणि पाहता पाहता सगळी खोली धुराने भरली. आम्ही खिडक्या उघडल्या. इतक्यात दारावर थाप पडली. शेजारच्या घरातल्या, ऐंशीच्या घरातल्या एक आजी अंगावर रेनकोट घालून उभ्या होत्या. त्यांनी आमच्या खिडकीतून येणारा धूर पाहिला होता. आत येऊन त्यांनी धुराड्याच्या नळीवरची एक लहानशी दांडी आडवीची उभी केली. आतली झडप बंद होती, एवढेच कारण होते.

आई तोपर्यंत शेगडीसमोर मांडी घालून बसली होती. तिचे बालपण चिपळूणजवळच्या खेड्यात गेले. राख पडायची जाळी, खालून हवा घेणारे तोंड, वर धूर ओढणारी नळी हे सगळे निरखून ती म्हणाली, "अगं, हा तर आपला बंब!" मग तिने टोपलीतली लाकडे एकेक उचलून एकमेकांवर आपटून पाहिली. जे खणकन वाजले ते उजवीकडे, जे बद्द वाजले ते डावीकडे. कोरडे लाकूड खणकन वाजते, ओले बद्द वाजते. पुन्हा सांगते, कोरडे खणकन, ओले बद्द. आजी हे पाहत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "माझी आई अगदी असेच करायची." दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता, तरी पुढची पंधरा मिनिटे दोघी शेगडीसमोर बसून एकमेकींना ढलप्या देत होत्या. जाळ धरला, काच लाल झाली. निघताना आजी आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लँग मे यर लम रीक." लम म्हणजे धुराडे; तुमच्या धुराड्यातून दीर्घकाळ धूर निघत राहो, असा तो तिथला नव्या वर्षाचा आशीर्वाद आहे. मी अर्थ सांगताच आई म्हणाली, "म्हणजे चूल पेटती राहो, असेच ना?"

ज्यांना असे घर घ्यायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. स्कॉटलंडमध्ये अल्प मुदतीने भाड्याने देण्याच्या घराला आता परवाना लागतो आणि जाहिरातीत त्याचा क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र घरात आहे ना, हे गेल्या गेल्या पाहावे. आणि शेगडी पेटवण्याआधी झडप उघडी आहे का, हे पाहावे. आधी झडप, मग काडी.

जाता जाता एक नोंद राहून जाऊ नये. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन 1804 मध्ये याच मुलुखातल्या लॉडर गावी जन्मले आणि 1829 मध्ये मुंबईत आले. आल्यावर त्यांनी मराठी आत्मसात केली. हे ऐकल्यावर आईला तो मुलुख परका वाटेनासा झाला.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत घर सोडायचे होते. मी अंथरुणे आवरत होते आणि आई लाकडांची टोपली रचत होती: कोरडी शेगडीजवळ, ओली भिंतीकडे वाळत. मग तिने पाहुण्यांच्या वहीत मराठीतून एक ओळ लिहिली आणि मला तिच्याखाली इंग्रजीत उतरवायला लावली: "उजवीकडची लाकडे आधी वापरावीत."