शब्द एकटा उचलू नका

(विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बहुतेकांच्या टेबलावर एकाच धाटणीची वही दिसते आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ, आणि सगळं एबीसीडीच्या क्रमानं. अबेट म्हणजे ओसरणं. त्याच्या खाली पुन्हा अबेट, म्हणजे गुन्ह्याला साथ देणं. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं, उच्चारही वेगळा, पण देवनागरीत लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात. पुढे अबेयन्स, ॲबहॉर. दिसायला सारखे शब्द एका दिवशी, एका पानावर पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात. समानार्थी शब्दांचा गठ्ठा एकदम घेतला तरी तेच होतं. पाठांतर कमी पडतं असं नाही, मांडणीच चुकलेली असते.

आधी कोणते शब्द घ्यायचे ते बघू. इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार नित्याच्या इंग्रजी शब्दांची यादी केली. साध्या मजकुरातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द तिच्यातच सापडतात. २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी दिली. डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळं मिळून एक कुटुंब. अभ्यासाच्या पुस्तकातले आणखी दहाएक टक्के शब्द या यादीतून येतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबानं कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. वेस्ट आणि कॉक्सहेड यांच्या याद्यांत भोकं असताना थेट युबिक्विटस आणि एफेमरलवर उडी मारण्यात काही हशील नाही. ‘सस्टेन’, ‘कन्स्ट्रेन’, ‘ॲलोकेट’ अडत असतील तर आधी ते. दिसायला साधे आहेत, पण संपादकीयाचा भार तेच वाहतात.

स्वतःची पातळी अशी तपासा. इंग्रजी वर्तमानपत्रातला कुठलाही शंभर शब्दांचा परिच्छेद घ्या. अनोळखी शब्द दोनच निघाले तर तो मजकूर तुमचा. पाचांच्या वर गेले तर अंदाजानं अर्थ लागत नाही, खाली उतरा. त्यात कमीपणा नाही.

परीक्षेचंही बघून घ्या. यूपीएससी मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा अनिवार्य पेपर ३०० गुणांचा, किमान २५ टक्के मिळवायचे, आणि ते गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत. तिथे निबंध आणि सारांश असतो. भारी शब्द चुकीच्या जागी ठेवण्यापेक्षा साधा शब्द बरा. सीडीएसला, म्हणजे सैन्यदलातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेला, मात्र इंग्रजीचे १२० प्रश्न, शंभर गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा. ‘ऐकल्यासारखा वाटतो’ एवढ्या ओळखीवर तिथे उत्तर ठोकून दिलं की नुकसानच.

आता मुद्द्याचं. शब्द त्याच्या सोबत्यांसह उचलायचा. ‘मिटिगेट म्हणजे कमी करणे’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी ‘मिटिगेट द प्राइस’ लिहितो. किंमत मिटिगेट होत नाही. धोका होतो, दुष्काळाचा परिणाम होतो, हानी होते. मिटिगेट म्हणजे वाईट गोष्टीची तीव्रता कमी करणं. अलीव्हिएट त्याच्या जवळचा, पण त्याचं नातं दुःखाशी, वेदनेशी, गरिबीशी. एक्झॅसर्बेटचं उलटं, म्हणजे मुळात वाईट असलेलं आणखी चिघळवणं. पाणीटंचाई एक्झॅसर्बेट होईल, पीक होणार नाही. इरॅटिक बघा. पावसाला लावला तर लहरी, विजेच्या पुरवठ्याला लावला तर बेभरवशाचा, माणसाच्या वागण्याला लावला तर तऱ्हेवाईक. मराठी शब्द तीन लागले. वहीतल्या बरोबरच्या चिन्हापुढे तुम्ही कोणता लिहिणार? कर्जमाफीच्या बातमीतला ‘वेव्ह’ही तसाच. उच्चार लाटेच्या वेव्हसारखा, पण स्पेलिंगमध्ये ए नंतर आय. कर्ज, फी, अट, हक्क हे त्याचे सोबती. त्याला ‘ऑफ’ जोडायची आपल्याकडे सवय आहे, लेखी परीक्षेत ते टाळा.

हे सोबती सापडतात लर्नर्स डिक्शनरीत. त्यातल्या व्याख्या दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, आणि मोबाइलवर त्या फुकट मिळतात. तीन गोष्टी बघा: क्रियापदाला कर्म लागतं की नाही, शब्दापुढे ‘फॉर्मल’ लिहिलंय का, आणि उदाहरणातलं शेजारचं नाम. मराठी अर्थ जरूर लिहा, पण छटेसकट. फ्रुगल म्हणजे काटकसरी, ती तारीफ आहे. मायझर्ली म्हणजे चिक्कू, ती शिवी आहे. व्हर्बोसला ‘शब्दबहुल’ असं कोशातलं मढं कशाला, ‘पाल्हाळिक’ लिहा. तुमच्या घरी वऱ्हाडीत त्याहून नेमका शब्द असेल तर तोच लिहा, परीक्षक तुमची वही बघायला येत नाही.

धातूंबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे फायदा मोठा आहे आणि फसगतही. इंग्रजीतले बरेच जड शब्द लॅटिनमधून आलेत, आणि उपसर्ग-धातूची रीत संस्कृतामुळे आपल्या कानाला ओळखीची आहे. शेतातल्या बोअरमधला सबमर्सिबल पंप घ्या. सब म्हणजे खाली, मर्ज म्हणजे बुडणं. मग सबमर्ज, बुडीत क्षेत्र. इमर्स, आत बुडवणं, म्हणूनच इंग्रजी बातमीत गणेश विसर्जनाला ‘इमर्शन’. आणि इमर्ज, बुडालेलं वर येणं, त्याच्यावरून इमर्जन्सी. एका पंपावर चार शब्द! लाभार्थी यादीतला बेनिफिशिअरी घ्या, बेने म्हणजे चांगलं. त्याच्या उलट मॅल. मेळघाटाच्या बातम्यांत मॅलन्यूट्रिशन वाचलेलं आहेच, आपला ‘कु’ तिथे मॅल आहे. आता बेनेव्होलंट आणि मॅलेव्होलंट. व्होल म्हणजे इच्छा, तोच व्हॉलंटिअरमध्ये आहे. एक भलं चिंतणारा, दुसरा वाईट.

फसगत अशी. महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. इन म्हणजे ‘नाही’ धरलं तर ‘न पेटणारं’ असा अर्थ निघेल, आणि तो भलताच महागात पडेल. इथला इन नकाराचा नाही. इन्व्हॅल्युएबलमधला इन नकाराचाच, पण अर्थ ‘मोल करता येत नाही’ असा, म्हणजे अमूल्य, कवडीमोल नव्हे. धातूवरून अंदाज बांधा, कोश उघडून खात्री करा. ओळखीचा शब्द लक्षात ठेवायला धातू फार कामाचे, अनोळखी शब्दावर एकट्या धातूच्या भरवशावर राहू नका.

उच्चाराचं थोडक्यात. सटलमधला बी मुका. इन्डाइटमधला सी मुका, म्हणून ‘इन्डिक्ट’ नाही. एपिटमी चार अवयवांचा, म्हणजे ए-पि-ट-मी असा चार तुकड्यांत म्हणायचा, ‘एपिटोम’ नाही. कोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबा, दोनदा मोठ्यानं म्हणा, आणि जोर ज्या अवयवावर आहे त्याच्याखाली रेघ मारा.

आता कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची करा. एका बाजूला वर्तमानपत्रातलं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी रेघ आणि त्याचं पहिलं अक्षर. मागे शब्द, जोर, दोन सोबती, मराठी छटा. रिकाम्या रेघेवरून शब्द आठवायचा. शब्द वाचून ‘हो, माहीत आहे’ म्हणणं म्हणजे पाठांतर नव्हे, ती नुसती तोंडओळख.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच होतो, पुढे वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी त्याच संध्याकाळी. पुढची सोय सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. पहिला रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा दिवसांनी. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. त्यात लबाडी करू नका. ‘जवळजवळ आलं होतं’ म्हणजे आलं नव्हतं.

रोज नवे शब्द पाच, आठवड्यात सहा दिवस, म्हणजे वर्षाला पंधराशेच्या आसपास. पहिल्या आठवड्यात पाच फार थोडे वाटतात आणि पोरं पंचवीस घेतात. पण प्रत्येक शब्द किमान पाचदा परत यायचा असतो. पाचाच्या हिशेबानं रोज पंचवीस कार्डं, चुकलेली धरून पस्तीस, सात-आठ मिनिटांचं काम. पंचवीस नवे घेतलेत तर महिन्याभरात रोज दीडशेच्या वर कार्डं उलटावी लागतात, आणि खोकं कपाटावर जातं. सोंगणीच्या दिवसांत शेतावर जावं लागणाऱ्यांनी नवे शब्द बंद ठेवावेत, उजळणी मात्र सोडू नये. पहिला कप्पा चाळीसच्या वर फुगला की बाकीच्यांनीही तसंच करावं, तो विसाच्या खाली आला की पुन्हा पाच.

एखादं कार्ड सात-आठदा पहिल्या कप्प्यात परत आलं तर दोष बहुधा कार्डाचा असतो. वाक्य मोघम असेल किंवा त्या जागी दुसरा शब्दही बसत असेल. ते फाडा आणि नवीन वाक्य घेऊन लिहा. रविवारी नवं काही नको. आठवड्यातल्या तीसपैकी सहा शब्द निवडून आपल्या तालुक्यावर दहा ओळींचा मजकूर लिहा, कापसाचा भाव, बसस्टँड, काहीही, आणि शेजारच्याला तपासायला द्या. त्यानं फक्त एवढंच बघायचं, की प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा खरा सोबती बसलाय का.