उद्याचं, परवाचं, तेरवाचं अंडं

(पहाट. शेडचे पत्रे, त्यावर ओली पोती.)

परभणी जिल्ह्यातली ही लेअर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारी पोल्ट्री. दुपारी पारा 42 च्या पुढे जातो, म्हणून पत्र्यावर सकाळीच पोती भिजवून टाकलीत. उन्हानं कोंबडी धापा टाकते, खाद्य सोडते. चार-पाच कोंबड्या घरघरायला लागल्या, की मालक फाट्यावरचं औषधाचं दुकान गाठतो. डॉक्टर तालुक्याला असतात.

(ड्रम, काठी, पिवळं पाणी.)

ही भुकटी ऑक्सिटेट्रासायक्लिनची, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधाची. काठीनं ढवळली, कॉक सोडला. आजारी होत्या पाच, औषध प्याल्या सगळ्या. आणि रोग मानमोडीचा असेल तर तो विषाणूचा. त्याच्यावर ही भुकटी चालतच नाही! लस वेळेवर टोचली असती, तर हा ड्रम ढवळावा लागला नसता.

(शवविच्छेदनाचं टेबल.)

आता हे नीट पाहा. द्राक्षाच्या घडासारखं दिसतंय ते कोंबडीचं अंडाशय. मोहरीएवढं, हरभऱ्याएवढं, बोराएवढं, आणि हे पुरतं भरलेलं बलक. म्हणजे उद्याचं, परवाचं, तेरवाचं अंडं, सगळं एकाच वेळी पोटात. बलकाचा ऐवज यकृतात तयार होतो, रक्तातून इथे येतो आणि थरावर थर चढत साधारण 10 दिवसांत बलक भरतं. त्यावर पांढरं चढायला दोन-तीन तास, कवचाला 20 तास. त्या 10 दिवसांत रक्तात औषध असलं, तर तेही थरात जाऊन बसतं. आज ड्रम धुऊन पालथा घातला, तरी हे बोराएवढं बलक पुढच्या आठवड्यात औषध घेऊनच बाहेर येणार. उकडलं तरी ते सगळं जात नाही.

(पाकिटावरची अक्षरं.)

किती दिवस अंडी विकायची नाहीत, ते या पाकिटावर आहे. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. कोलिस्टिन या जिवाणूंवरच्या औषधाच्या कोंबड्या-जनावरांसाठीच्या वापरावर केंद्र सरकारनं 2019 मध्ये बंदी घातली. ज्यांवर बंदी नाही, त्या औषधांचा हिशेब मालकानंच ठेवायचा. थोड्या थोड्या औषधावर पोसलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत, कोंबडीतही आणि माणसातही.

(दारावर खडूनं लिहिलेली तारीख. कोपऱ्यात ट्रेची चळत.)

या शेडवाल्यानं औषध बंद केल्याची तारीख दारावर लिहून ठेवलीय. एका ट्रेत 30 अंडी. खाद्याचा खर्च रोजचा, आणि हे नुकसान त्यानं एकट्यानं सोसायचं. टेम्पो बाहेर उभा आहे. हे ट्रे आज त्यात चढणार नाहीत.