कुंडीतला गुलाब आणि ऑक्टोबरची छाटणी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस आटोपला, ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं, की गच्चीवर किंवा बाल्कनीत गुलाब लावणाऱ्यांनी कात्रीला धार लावून ठेवावी. कुंडीतल्या गुलाबाचं वर्षभराचं आरोग्य या महिन्यावर अवलंबून असतं.

पण आधी रोपाविषयी. नर्सरीतून आणताना फुलांनी लगडलेलं रोप दोन-तीन महिन्यांत वाळतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘आमच्या हाताला गुलाब लागतच नाही.’ हाताचा काही दोष नसतो. पिशवी फाडली की मुळांभोवती चिकण मातीचा घट्ट गोळा दिसतो. तो तसाच कुंडीत ठेवला, तर बाहेरची माती ओली होते, पण गोळा आतून कोरडा राहतो. आणि एकदा भिजला की दिवसचे दिवस सुकत नाही. दोन्हीकडून मुळांचाच जीव जातो. म्हणून गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, कडेची माती हलक्या हातानं मोकळी करा, मधली राहू द्या. किमान बारा इंची कुंडी घ्या. त्यात निम्मी पोयट्याची माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. दिसायला देखणी, पण तळाला भोक नसलेली कुंडी गुलाबासाठी घेऊच नका. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. त्याच्या खालून जोमानं वर येणारी फूट पाहून पुष्कळांना आनंद होतो, पण ती खुंटाची, म्हणजे जंगली गुलाबाची असते. ती मुळापासून काढा, नाहीतर हळूहळू कलम मरून खुंटच तेवढा उरतो.

आता छाटणी. जुनं झाड असेल तर आधी वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक काड्या काढा. चार-पाच दमदार फांद्या ठेवा आणि त्याही साधारण निम्म्यावर आणा. पानाच्या बेचक्यात फुगीर, लालसर ठिपका दिसतो, तो डोळा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप द्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. कापल्यावर फांदीचा गाभा पाहा. पांढरा असेल तर ठीक. तपकिरी दिसला, तर पांढरा लागेपर्यंत खाली खाली कापत या. इथे माया दाखवू नका, कारण तपकिरी गाभा म्हणजे फांदी वाळवणारी मर, आणि ती शेंड्याकडून खाली उतरत जाते. कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप लावा. साधारण सहा-सात आठवड्यांनी, डिसेंबरच्या सुरुवातीला, फुलं येतात.

गुलाबाला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. सकाळचं मिळालं तर फारच छान. पाणी मात्र घड्याळ पाहून घालू नका. बोट मातीत खुपसा. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच घाला, आणि तळातून बाहेर येईपर्यंत घाला. पानांवर पाणी उडवलं की काळ्या ठिपक्यांचा रोग येतो. हिवाळ्यात भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आणि उन्हाळ्यात लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. त्यासाठी आठवड्यातून एकदा पानाची मागची बाजू पाहत जा. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब इतका तापतो, की कुंडीतली मुळं भाजतात. कुंड्या विटांवर ठेवा, दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या.

जात कोणती घ्यावी? नवख्यांनी बाजारातला ओळखीचा लाल ग्लॅडिएटर घ्यावा. जागा अगदीच कमी असेल तर मिनिएचर, म्हणजे छोट्या फुलांचा बुटका गुलाब. पांढरा आवडत असेल, तर शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी भारतातच तयार केलेला ‘डॉ. होमी भाभा’ नर्सरीत जरूर विचारा.

आणि फूल उमललं की झाडावर सुकू देऊ नका. देवाला वाहा, फुलदाणीत ठेवा, पण तोडताना पाच पर्णिका, म्हणजे एकाच देठावर पाच छोटी पानं असलेल्या पानाच्या वर कापा. पुढची कळी तिथूनच येते.

नमस्कार.