सूर तेच, नदीवर धरण

१३ ऑगस्ट १८७६. जर्मनीतलं बायरॉइट. संगीतकार वाग्नरच्या ‘रिंग’ या चार रात्रींच्या ऑपेराची (गायलेल्या नाटकाची) पहिली रात्र. ऱ्हाइन नदीतल्या तीन जलकन्या उंच दांड्यांच्या गाड्यांवर अडकवलेल्या, आणि त्या गाड्या खालून माणसं ढकलतायत. पुढे एका दृश्यबदलात मागचा पडदा वेळेआधीच वर गेला आणि प्रेक्षकांना उघडी भिंत नि तिथं उभे असलेले कामगार दिसले. वाग्नर वैतागला.

आता त्याच रंगमंचावर, शंभर वर्षांनी. हेच पहिलं दृश्य, दिग्दर्शक पात्रीस शेरो, वय ३१. वाद्यवृंद एकच स्वरसंघात (एकत्र वाजणारे स्वर) १३६ मात्राखंड धरून ठेवतो, साधारण चार मिनिटं. स्वरलिपीला हात लावायचा नाही, त्यामुळे या चार मिनिटांत काय दाखवायचं हाच प्रश्न. शेरो आणि नेपथ्यकार रिशार पेदुझ्झी यांनी नदीवर जलविद्युत धरण बांधलं. वर वाफ, खाली जलकन्या. संहितेत सत्तेसाठी नदीतलं सोनं चोरतात. इथे नदीच वीज काढायला जुंपलेली. एक शब्दही न बदलता अर्थ बसतो.

मधे १९५१ची पायरी आहे. वाग्नरचा नातू व्हीलांड याने झाडं, खडक, पंखांची शिरस्त्राणं सगळं काढून टाकलं. उरली एक गोल तबकडी आणि प्रकाश. युद्धानंतर हाताशी पैसा कमी होता हे खरं, पण वाग्नरला आपलंसं केलेल्या नाझींच्या खुणाही पुसायच्या होत्या.

शेरोच्या देवांच्या अंगात एकोणिसाव्या शतकातले लांब कोट. तरी देवांचा राजा वोटानच्या हातात भाला आहेच, कारण पुढे नायक झीगफ्रीड तो तोडतो. भाला, तलवार, अंगठी, प्रत्येकीची स्वतःची सुरावट. वस्तू काढली तर सुरावट अधांतरी राहते.

आता ‘रिंग’च्या दुसऱ्या भागाचा, ‘वाल्क्यूरे’चा, दुसरा अंक बघा. वोटानचं लांबलचक स्वगत. घडत काहीच नाही. दिग्दर्शक इथेच घसरतात, गायकाला उगाच येरझाऱ्या घालायला लावतात. शेरोने मंचावर मोठा आरसा आणि छतापासून लोंबणारा लंबक ठेवला. लंबक सारखा हलतोय, आणि ‘अंत’ हा शब्द येतो तिथे वोटान तो हाताने थांबवतो. बस, एवढीच कृती. वीसेक मिनिटं तिच्यावर तोललेली.

१९७६मध्ये प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा केला. संगीत संचालक प्येर बुलेझही त्यातून सुटला नाही. १९७७मध्ये झीगफ्रीड गाणाऱ्या रने कोलोचा पाय मोडला. तो विंगेतून गायला आणि मंचावर भूमिका शेरोने स्वतः केली. १९८०च्या शेवटच्या प्रयोगाला त्याच नाट्यगृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

२०१३मध्ये बायरॉइटलाच दिग्दर्शक फ्रँक कास्टोर्फने सोन्याच्या जागी खनिज तेल आणलं. त्याच्या झीगफ्रीडने अजगर मारला तो कलाश्निकोव्ह रायफलने. मंचावर गोळ्यांच्या फैरी झडल्या आणि वाद्यवृंदात वाजणारी तलवारीची सुरावट त्या आवाजाखाली गेली.