अर्धा चमचा प्लाझ्मा

(दृश्य : पोळपाट, तव्यावर फुगणारी पोळी)

सकाळचे सहा. डब्यांच्या १५० पोळ्या नऊच्या आत व्हायला हव्यात. काकू लाटणं हाताने कमी, खांद्यानेच जास्त रेटतायत. उजवं कोपर अंगाला चिकटलेलं. कणीक मळायला आता सूनबाई. परात उचलायची तर डावा हात.

दुखणं टेनिस एल्बोचं. काकूंनी रॅकेट कधी हातात धरलेली नाही. हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो २००४ साली, सचिनच्या कोपरामुळे. त्याच्यावर पुढच्या वर्षी लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या कंडरेने बांधलेले असतात, ती इथे खराब होते. सूज थोडी, झीज फार. कंडरेला रक्तपुरवठा मुळातच बेताचा, त्यामुळे दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

(दृश्य : डाव्या हातातून रक्त)

म्हणून काकूंचंच ३० मिली रक्त. त्यातून पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्सनी दाट केलेला प्लाझ्मा, बनवून कोपरात सोडायचा. नळ्यांमध्ये आधीच सायट्रेट आहे, रक्त गोठू नये यासाठी. प्लेटलेट्स म्हटलं की आपल्याला डेंग्यू आठवतो आणि रोज सकाळी रिपोर्टची वाट बघणं. एरवी एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. पीआरपीमध्ये साधारण तिप्पट ते पाचपट करायच्या.

(दृश्य : सेंट्रिफ्यूज, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र)

टेक्निशियनचा हात बघा. रक्ताच्या नळीसमोर त्याने तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली. तोल बिघडला तर यंत्र थडथडतं. "ताक घुसळताय की काय?" काकू विचारतात. उपमा अगदी जुळत नाही, पण आम्ही कापली नाही.

पहिली फेरी हळू. तळाशी लाल पेशी, वर निवळीसारखा पिवळट प्लाझ्मा, मध्ये सायीसारखा पांढुरका पापुद्रा. पिवळा भाग दुसऱ्या नळीत काढून पुन्हा फिरवायचा, या वेळी जोरात. आता प्लेटलेट्स तळाला बसतात. वरचा बराचसा प्लाझ्मा काढून टाकला की उरतात ३ मिली, अर्ध्या चमच्याहून जरा जास्त. बाहेरून आणलेलं औषध यात नाही. प्लेटलेट्सच्या पोटात वाढ घडवणारी प्रथिनं असतात. एरवी जखम झाली की दुरुस्तीच्या पेशींना हीच बोलावून आणतात.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा)

झिजलेली कंडरा काळसर दिसते. तिरकी आत येणारी पांढरी रेघ म्हणजे सुई. भूल दिलेली आहे. एकाच छिद्रातून डॉक्टर कंडरेला पुन्हा पुन्हा टोचतात आणि थोडं थोडं सोडतात.

(दृश्य : काकूंचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

दोन-तीन दिवस ठणका वाढतो. त्या काळात डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या टाळायच्या. २०१४ च्या, २३० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत पीआरपी घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत १२ आठवड्यांनी ठळक फरक नव्हता, २४ आठवड्यांनी दिसला. पुढे २०२१ मध्ये ३२ अभ्यास तपासणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्याला मात्र म्हणण्यासारखा फायदा आढळला नाही. व्यायाम कुणालाच चुकत नाही.

(दृश्य : स्वयंपाकघर, आठवा आठवडा)

परात. उजवा हात. सूनबाई अजून शेजारीच उभी आहे.