पूल उघडा होता

(पडद्यावर: सकाळचा धूसर उजेड. नदीचं मुख, दोन्ही काठांना कौलारू घरं. पुलाची फाटकं लागल्याचा खडखडाट.)

हा आवाज ऐकला की आजही माझे पाय पळायला बघतात. फाटक लागलं म्हणजे पूल फिरणार, आणि पूल फिरला की शाळेला उशीर.

हे व्हिटबी. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, यॉर्कशायरमधलं बंदर. एस्क नावाची छोटीशी नदी गावाचे दोन तुकडे करत उत्तर समुद्राला मिळते. पूर्वेच्या कड्यावर पडक्या मठाचा दगडी सांगाडा. तिथला पहिला मठ 657 साली हिल्डा नावाच्या साध्वीने स्थापला. पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान. आणि मधे हा पूल. लंडनच्या टॉवर ब्रिजसारखा हा वर उचलला जात नाही. दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसे याचे दोन भाग आडवे फिरतात. भरतीच्या आगेमागे बोटींची ये-जा सुरू झाली की माणसांनी काठावर थांबायचं. पूल उघडा, म्हणजे बोटींना उघडा. आम्हाला बंद. हा उलटा हिशेब कळायला मला वर्षभर लागलं.

आमचं घर पश्चिमेला, शाळा पूर्वेला. वरच्या अंगाचा उंच पूल झाला 1980 मध्ये, आणि आम्ही 1977 मध्येच गाव सोडलं होतं. त्यामुळे नऊ वर्षं माझं सगळं बालपण या एका पुलावरून गेलं. शाळेत उशिरा पोचलं की कारण ठरलेलं : "पूल उघडा होता." बाईंना पटायचं. घरी मात्र आई उलटतपासणी घ्यायची. "कोणती बोट होती?" बोटीचं नाव सांगता आलं नाही की ती म्हणायची, "मग पूल बंदच होता."

(पडद्यावर: एस्क खोऱ्यातून जाणारी रेल्वे. खिडकीबाहेर मेंढ्या, दगडी कुंपणं.)

1968 च्या ऑक्टोबरात मिडल्सब्रोहून याच गाडीने आम्ही आलो. मी सहा वर्षांची. बाबा डॉक्टर. त्या काळी एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, डॉक्टर कमी पडत होते, आणि आपल्याकडून गेलेल्यांना मोठ्या शहरांपेक्षा अशा आडगावात जागा लवकर मिळे. स्टेशनबाहेर पडलो तर थेट बंदरावर. आई मालवणची. तिने लांब श्वास घेतला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसली. "मासळी आहे इथे," म्हणाली.

मासळी होतीच. कोबल म्हणतात त्या सपाट बुडाच्या होड्या धक्क्याला लागलेल्या असत. पूर्वेच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्यून्सचं धुरीघर आहे, 1872 पासूनचं. आतल्या भिंती डांबर फासल्यासारख्या काळ्या. हेरिंग मासा पाठीकडून चिरायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि ओक-बीचच्या धुमसत्या भुशावर टांगून ठेवायचा. त्याला म्हणतात किपर. गोरे लोक तो लोणी लावून न्याहारीला खातात.

आईने पहिला किपर हातात घेतला, उलटा-सुलटा केला, वास घेतला. "बांगडा नव्हे," तिने निकाल दिला. "पेडव्याचा थोरला भाऊ." मासळीच्या बाबतीत ती सहसा चुकत नाही. हेरिंग आणि पेडवे खरोखरच एका कुळातले. मग तिने तो गरम पाण्यात भिजवून काटे काढले. कांदा चिरला. नारळ मिळण्याचा प्रश्नच नव्हता, पण केकवर भुरभुरायचं सुकं खोबरं वाण्याकडे पाकिटात मिळायचं. मालवणच्या पार्सलातली आमसुलं होती. असं झालं किपरचं किसमूर. बाबा देशावरचे, त्यांनी नाक धरलं. मी आणि आईने मिळून संपवलं.

(पडद्यावर: ओहोटीचा किनारा. काळ्या खडकांत वाकून काहीतरी शोधणारी मुलं.)

ओहोटी लागली की आम्ही पोरं इथे जेट शोधायला यायचो. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडलेलं लाकूड. काळं, हलकं, घासलं की आरशासारखं चकाकतं. कोळसा कुठला आणि जेट कुठलं, हे ओळखायची युक्ती शेजारच्या आजींनी शिकवली. फुटक्या बशीच्या खरखरीत कडेवर घासायचं. काळी रेघ उठली तर कोळसा, तपकिरी उठली तर जेट. माझ्या दप्तरात कायम एक फुटकी बशी असायची.

1861 मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरिया राणीने जन्मभर काळं नेसलं. शोकात घालायला चालतील असे दागिने म्हणजे व्हिटबीचं जेट. बघता बघता साऱ्या इंग्लंडातल्या विधवांना ते हवं झालं आणि गावातल्या कारखान्यांना हात पुरेनात. गावाची भरभराट त्या सुतकातून झाली, असं म्हटलं तरी चालेल.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. शेजारच्या आजी पहिल्यांदा चहाला आल्या. बराच वेळ आईच्या गळ्याकडे बघत राहिल्या, मग तिच्या हातावर हात ठेवून हळूच विचारलं, "कोण गेलं गं तुझं?" आई गोंधळली. मी दुभाषी. आजींचं बोट काळ्या मण्यांकडे होतं. मंगळसूत्राकडे.

आईला अर्थ कळला तेव्हा तिचा चेहरा कसा झाला, ते मला शब्दांत सांगता येत नाही. घाईघाईने म्हणाली, "त्यांना सांग, हे जिवंत आहेत. कामावर गेलेत." मी सांगितलं. आजी इतक्या हसल्या की त्यांच्या बशीत चहा सांडला. पुढे बाबा रस्त्यात भेटले की त्या हाक मारून विचारायच्या, "काय डॉक्टर, अजून आहात ना?"

(पडद्यावर: एकशे नव्याण्णव पायऱ्या. वर सेंट मेरीचं चर्च, आडवीतिडवी थडगी.)

या पायऱ्या एकशे नव्याण्णव. मी मोजल्या की कधी एकशे सत्त्याण्णव भरत, कधी दोनशे एक. मधे मधे रुंद टप्पे आहेत आणि बाजूला लाकडी बाकं. पर्यटक तिथे बसून चिप्स खातात. पण हे टप्पे मुळात खांदेकऱ्यांसाठी. शवपेटी खाली टेकवायची, दम घ्यायचा, पुढे निघायचं. आजींनी हे सांगितलं तेव्हा आई लगेच म्हणाली, "विसावा." आपल्याकडेही स्मशानाच्या वाटेवर असतोच की.

(पडद्यावर: सॉल्टविकचे खडक. फेसाळ पाणी.)

आणखी एक गोष्ट आजींचीच. 30 ऑक्टोबर 1914 च्या पहाटे, वादळात, युद्धात जखमी झालेल्यांना आणायला निघालेलं एक इस्पितळी जहाज या खडकांवर चढलं. आत दोनशे एकोणतीस माणसं. किनारा काहीशे यार्डांवर, आणि तरी पोचता येईना. गावकऱ्यांनी बचावहोडी हातांनी खडकांवरून ओढत नेली. दोन खेपांत काही माणसं सुटली, मग होडीच फुटली. तेव्हा चौदा वर्षांच्या असलेल्या आजी कड्यावर उभ्या होत्या. रविवारी टाइनमथहून मोटरची बचावहोडी आली, तिने लाटा दबाव्यात म्हणून समुद्रावर तेल ओतलं आणि उरलेली पन्नास माणसं उतरवली. ऐंशीहून जास्त बुडाली.

बाबांनी जहाजाचं नाव विचारलं. "रोहिला," आजी म्हणाल्या. बाबा चमकलेच. पानिपताचा नजीबखान रोहिला आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो, आणि इथे यॉर्कशायरच्या एका म्हातारीच्या तोंडी ते नाव! जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचं होतं, हिंदुस्थानच्या वाटेसाठी बांधलेलं. त्या रात्री इंग्लिश स्वयंपाकघरात बाबांनी मला पहिल्यांदा पानिपताची लढाई सांगितली. मीठदाणी म्हणजे भाऊसाहेब, मिरीदाणी म्हणजे अब्दाली.

बाकी बालपण त्या काळातल्या कुठल्याही इंग्लिश गावातलं. फेब्रुवारी 1971 मध्ये पैसे बदलले, पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स होते ते शंभर झाले, आणि गोळ्यांच्या दुकानात आपण फसवले जातोय असं वर्षभर वाटत राहिलं. 1972 च्या हिवाळ्यात वीज तोडली म्हणून मेणबत्तीवर अभ्यास. 1976 चा उन्हाळा इतका कडक की आईने गच्चीबिच्ची नसताना खिडकीत पापड वाळवले.

आणि धुकं. समुद्रावरून ते पांघरुणासारखं यायचं, समोरचं घर दिसेनासं व्हायचं. मग हॉस्करच्या कड्यावरचा भोंगा हंबरायचा. गाव त्याला 'हॉस्करचा बैल' म्हणायचं. मला बरीच वर्षं वाटत होतं की तिथे खरंच बैल आहे. तो भोंगा आता बंद आहे. उपग्रहांच्या काळात बैलाला कोण विचारतो?

(पडद्यावर: पुन्हा पूल. फाटक लागलेलं. काठावर थांबलेली माणसं.)

या चित्रीकरणासाठी आले तेव्हा एका शनिवारी मी इथेच अडकले. आई आता पुण्यात असते. शनिवारी दुपारी तिला फोन करायचा हे ठरलेलं. पोचायला अर्धा तास उशीर झाला.

"उशीर का गं?"

"आई, पूल उघडा होता."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "कोणती बोट होती?"

निळी होती, एवढंच मला आठवत होतं. चष्मा हॉटेलवर राहिला होता, नाव वाचताच आलं नव्हतं. तसं सांगितलं.

"मग पूल बंदच होता," आई म्हणाली.